लाल फुली उमटेपर्यंत: इंग्लंडच्या ‘स्मार्ट’ मोटरवेचं प्रकरण

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आग्नेयेकडून एम ४२ नावाचा मोटरवे जातो. विमानतळ, रेल्वे स्थानक आणि भलंमोठं प्रदर्शन केंद्र, सगळं याच रस्त्याच्या काठाला. रस्त्याला दोन्ही दिशांना तीन-तीन लेन आणि कडेला साइडपट्टी. सकाळ-संध्याकाळ तो हटकून तुंबायचा. रुंद करायचा म्हटलं तर वरून जाणारे पूल पाडा, जमीन घ्या, आणि काही वर्षं तीच कोंडी आणखी वाढवून ठेवा. पैशांचा प्रश्न वेगळाच.

मोटरवेवरची साइडपट्टी म्हणजे बंद पडलेल्या गाडीची हक्काची जागा. टायर फुटला, इंजिन तापलं, की डावीकडे घ्यायचं आणि मदतीची वाट बघायची. अपघात झाला तर ॲम्ब्युलन्सही तिथूनच वाट काढते. एरवी ही पट्टी रिकामीच. म्हणजे कोंडीत तीन लेन ठप्प, आणि त्यांना खेटून चौथ्या लेनएवढी जागा मोकळी. हे दृश्य रोज बघणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यात काय आलं असेल, ते सांगायला नको.

सप्टेंबर २००६ मध्ये जंक्शन ३ए ते ७ या सुमारे १७ किलोमीटरच्या टप्प्यावर प्रयोग सुरू झाला. गर्दीच्या वेळी साइडपट्टी वाहतुकीला उघडायची, गर्दी ओसरली की बंद करायची. खर्च जवळपास १० कोटी पौंड. तेव्हा त्याचं नाव होतं ‘ॲक्टिव्ह ट्रॅफिक मॅनेजमेंट’. ‘स्मार्ट मोटरवे’ हे बारसं नंतरचं. प्रयोग इतका यशस्वी झाला की देशभर त्याची आवृत्ती निघाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की यापुढे नवा स्मार्ट मोटरवे होणार नाही. मधल्या १७ वर्षांत काय घडलं, ते इथे तपासायचं आहे. यंत्रणा कुचकामी होती म्हणून योजना बुडाली, असं सरळ उत्तर असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती.

कोंडी कुठून उगवते

आधी यंत्रणेचा जो भाग खरोखर चालला, त्याच्याबद्दल.

अपघात नाही, खड्डा नाही, पुढे रस्ता अरुंद होत नाही, तरी गाड्या थांबतात आणि दहा मिनिटांनी काहीच न दिसता पुन्हा चालू लागतात. हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय आणि पुढच्या अज्ञात माणसाला शिव्याही घातल्यात. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या, आणि चालकांना सूचना एवढीच की ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा. सिग्नल नाही, अडथळा नाही. थोड्याच वेळात कोणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्यानं जरा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त, आणि शेवटी काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. ही थांबण्याची लाट ताशी साधारण २० किलोमीटर वेगानं उलट दिशेला सरकत राहिली.

मोटरवेवर हीच लाट आली की भरधाव येणारा माणूस अचानक उभ्या गाड्यांच्या शेपटीवर जाऊन आदळतो. म्हणून लाटेकडे येणाऱ्या गाड्या आधीच थोड्या हळू केल्या तर दोन फायदे होतात. लाट विरघळायला वेळ मिळतो, आणि तोवर मागून धडक बसण्याचा धोका कमी होतो. लंडनभोवतीच्या एम २५ वर १९९५ पासून हे चालू होतं. एरवीची वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. गर्दी वाढली की वरच्या कमानीवरच्या फलकांवर ६०, मग ५०, मग ४० उमटतं.

गर्दी वाढली हे फलकाला कळतं कसं, तर रस्त्याच्या पोटातून. डांबरात चौकोनी खाच पाडून तारेची वेटोळी पुरलेली असतात. त्यांना ‘लूप’ म्हणतात. तारेतून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो. वरून गाडीचा धातू गेला की वेटोळ्याचं विद्युत प्रेरकत्व बदलतं आणि कडेच्या पेटीतल्या यंत्राला ते समजतं. लागोपाठ दोन लूप असले की एकावरून दुसऱ्यावर जायला लागलेल्या वेळावरून वेगही निघतो. या सगळ्या जाळ्याला ‘मिडास’ म्हणतात. त्यातलं एक गणित फारच सोपं आणि मला तरी फार आवडणारं आहे: लूपवर गाडी काही सेकंद सलग रेंगाळली, तर समजायचं की इथे रांग लागली. लगेच मागच्या कमानींवर वेग उतरवायचा. मानवी हात लागत नाही.

हे गणित लक्षात ठेवा. ते रांग ओळखतं. गोष्ट पुढे इथेच अडकणार आहे.

एम ४२ वर पट्टी कशी उघडायची

२००६ च्या प्रयोगात साइडपट्टी उघडणं हे बटण दाबण्याइतकं सोपं ठेवलेलं नव्हतं, आणि त्याच्या यशाचं मोठं कारण तेच असावं असं मला वाटतं. गर्दी वाढली की आधी सगळ्या लेनवर वेगमर्यादा खाली यायची. मग नियंत्रण कक्षातला कर्मचारी कॅमेऱ्यांमागून कॅमेरे बघत पट्टीचा टप्पा नजरेखालून घालायचा. कुठे गाडी उभी आहे का, टायरचा तुकडा पडलाय का. पट्टी साफ आहे याची खात्री पटली की तिच्या वरच्या फलकावर वेगमर्यादा उमटायची, आणि मगच गाड्या आत शिरायच्या. सुरुवातीला ताशी ५० मैल, पुढे अनुभव आल्यावर ६०. कोणी पट्टीवर अडकलाच, तर फलकावर लाल फुली. लाल फुली म्हणजे लेन बंद, इथून गाडी न्यायची नाही.

शिवाय साधारण दर ५०० मीटरवर एक कमान आणि साधारण तेवढ्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला आणीबाणीचा थांबा. म्हणजे गाडी कुठेही कुरकुरली तरी पुढचा थांबा नजरेच्या टप्प्यात. ताशी ५० मैल वेगानं ५०० मीटर जायला २२ सेकंद लागतात. इंजिन बंद पडलं तरी नुसत्या गतीनं गाडी तिथवर घरंगळत जाण्याची बरीच शक्यता.

निकाल चांगले आले. गर्दीच्या वेळचा प्रवास कमी वेळात होऊ लागला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भरवशाचा झाला. आज ४० मिनिटं आणि उद्या ७० असा प्रकार कमी झाला. इंधन सुमारे ४ टक्के कमी जळलं. ज्यात माणसं जखमी झाली असे अपघात आधी महिन्याला सरासरी पाचाच्या वर होते, ते दोनाच्या खाली आले. पट्टीवर गाड्या चालवल्या तर माणसं मरतील असं म्हणणाऱ्यांकडे या आकड्यांवर उत्तर नव्हतं.

अंतर वाढत गेलं

यशस्वी प्रयोगाची आवृत्ती काढताना पहिला प्रश्न येतो खर्चाचा. ५०० मीटरवर एक लोखंडी कमान, तेवढ्यावर एक थांबा, पट्टी उघडायला-मिटायला कक्षात माणसं. हे सगळं शेकडो किलोमीटरवर परवडणार नव्हतं. शिवाय कधी उघडी, कधी बंद अशा पट्टीचा चालकांचा गोंधळ व्हायचा, आणि हा आक्षेप खोटा नव्हता. गाडी बंद पडल्यावर माणूस सवयीनं पट्टीवर जातो. ती त्या क्षणी चालू लेन आहे हे कळायला त्यानं मान वर करून फलक बघायला हवा.

म्हणून नवा आराखडा निघाला: ‘ऑल लेन रनिंग’. साइडपट्टी कायमचीच लेन करून टाकायची, चोवीस तास. गोंधळ संपला. एम २५ च्या काही टप्प्यांवर २०१४ मध्ये तो सुरू झाला. कमानी कमी केल्या. बऱ्याच ठिकाणी डावीकडच्या खांबावर एकच मोठा फलक आला, आणि अशा फलकांमधलं अंतर १५०० मीटरपर्यंत चालेल असं ठरलं. आणीबाणीच्या थांब्यांमधलं अंतर अडीच किलोमीटरपर्यंत.

५०० मीटरचे २५०० मीटर झाले. एम ४२ चे आकडे दाखवून जी योजना मंजूर करून घेतली, ती एम ४२ सारखी राहिलीच नव्हती. मला सगळ्या प्रकरणात सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे, आणि यात कोणी खोटं बोललं असंही नाही. प्रत्येक बदलाला आपापलं समर्थन होतं, जोखमीचं गणित मांडलेलं होतं. एकेक पायरी उतरताना फारसं काही वाटत नाही.

यात आणखी एक गोष्ट नजरेआड झाली. ‘स्मार्ट’ या एका विशेषणाखाली दोन निरनिराळी कामं होती. एक, वेग सारखा ठेवणं. यात यंत्रणा चुकली तर थोडी कोंडी होईल, रस्ता पूर्वी होता तसा होईल. दुसरं, काढून टाकलेल्या साइडपट्टीची उणीव भरून काढणं. यात यंत्रणा चुकली, किंवा नुसती उशिरा जागी झाली, तर गाडी आणि तिच्यातली माणसं भरधाव लेनमध्ये उभी आहेत.

रात्रीचे अकरा

समजा रात्रीचे अकरा वाजलेत. रस्ता मोकळा, चार लेन, पट्टी नाही. एका गाडीचं इंजिन गप्प होतं. वेग उतरतोय, स्टीअरिंग जड झालंय. मागचा थांबा सव्वा किलोमीटर मागे राहिला, पुढचा सव्वा किलोमीटर लांब. गाडी जमेल तेवढी डावीकडे घेतली, ती पहिल्या लेनमध्ये उभी राहिली. धोक्याचे दिवे लावले. आता?

रस्त्याखाली लूप आहेत, ते शोधतायत रांग. पण रात्री अकरा वाजता रांग लागतच नाही. गाडी दोन लूपच्या मधोमध उभी आहे, लूपवर काही रेंगाळत नाही. मागून येणाऱ्या तुरळक गाड्या लेन बदलून सुसाट निघून जातायत, त्यांचा वेग झकास आहे. यंत्रणेच्या लेखी रस्ता अगदी सुरळीत चाललाय. गर्दीच्या वेळी हीच गाडी बंद पडली असती तर मागे क्षणात रांग लागली असती, लूपना कळलं असतं, वेग उतरला असता. म्हणजे जी यंत्रणा गर्दीत डोळ्यांत तेल घालून बसलेली असते, ती रस्ता मोकळा आणि वेग जास्त असताना, जेव्हा धडक सर्वांत जीवघेणी असते, नेमकी तेव्हा आंधळी होते.

मग कक्षाला कळणार कधी? चालकानं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यानं फोन केला तर, गस्तीच्या गाडीनं पाहिलं तर, किंवा शेकडो कॅमेऱ्यांपैकी नेमका तोच त्या वेळी कोणी बघत असला तर. उभ्या गाड्या ओळखणारी वेगळी यंत्रणा जिथे नाही, तिथे अशी गाडी लक्षात यायला सरासरी १७ मिनिटं लागतात, असं महामार्ग संस्थेच्याच २०१६ च्या एका अहवालातून पुढे आलं. लक्षात आल्यावर मग लाल फुली, आणि त्यानंतर मदतीची गाडी निघणार.

१७ मिनिटं म्हणजे १०२० सेकंद. रात्रीच्या वेळी त्या लेनमध्ये दर २० सेकंदांना एक गाडी येते असं धरलं, तरी ५१ चालकांनी एकामागून एक वेळेवर बघायला हवं. ७० मैल वेगानं गाडी सेकंदाला ३१ मीटर जाते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ प्रमाणे या वेगाला थांबायला ९६ मीटर लागतात, त्यातले २१ मीटर तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतात. आणि दूरवरचे दोन तांबडे दिवे चालतायत की उभे आहेत, हे अंधारात माणसाच्या डोळ्याला फार उशिरा उमगतं. पन्नास जणांना जमलं, एकाचा डोळा क्षणभर दुसरीकडे गेला, की झालं.

जून २०१९ मध्ये शेफील्डजवळ एम १ वर असंच घडलं. दोन गाड्यांची किरकोळ टक्कर झाली, दोघे चालक माहितीची देवाणघेवाण करायला थांबले. पट्टी नव्हती. मागून आलेल्या लॉरीनं दोघांचाही जीव घेतला. लॉरीच्या चालकाला शिक्षा झाली. पण जानेवारी २०२१ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं साइडपट्टीचा अभाव हाही त्यामागचा एक घटक असल्याचं नोंदवलं, आणि अशा रस्त्यांमुळे पुढेही मृत्यू होण्याचा धोका कायम आहे असा इशारा दिला.

दोन्ही बाजूंचे आकडे खरे

जानेवारी २०२० मध्ये बीबीसीनं दाखवलं की स्मार्ट मोटरवेवर पाच वर्षांत ३८ माणसं मेली. देशभर गहजब झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारनं पुराव्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात म्हटलं होतं की प्रवासाच्या अंतराशी ताडून पाहिलं तर मृत्यूचं प्रमाण स्मार्ट मोटरवेवर साध्या मोटरवेपेक्षा कमी आहे. साध्या मोटरवेवरचा दर बारापैकी एक मृत्यू साइडपट्टीवरच होतो, हेही आढाव्यानं दाखवून दिलं. म्हणजे पट्टी हा काही अभयारण्याचा तुकडा नव्हे.

लोकांना हे पटलं नाही, आणि त्यांना अडाणी ठरवण्याचं कारण नाही. कारण त्याच आढाव्यात हेही होतं की चालत्या गाडीनं उभ्या गाडीला धडक देण्याचा धोका ऑल लेन रनिंगवर वाढलाय. बेरीज कमी झाली, पण तिच्यातली एक रक्कम वाढली. मागून धडका, वेडेवाकडे लेनबदल हे धोके उतरले. त्यांचा फायदा हजारो चालकांना थोडा थोडा मिळाला, आणि तो कोणाला दिसत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी येत नसते. वाढलेला धोका मात्र गाडी बंद पडलेल्या एकट्या माणसाच्या वाट्याला आला. त्याच्या हातात त्या क्षणी काहीच नसतं, आणि तो माणूस आपण असू शकतो हे प्रत्येक चालकाला कळतं.

संसदेच्या वाहतूक समितीनं २०१६ मध्येच सांगितलं होतं की हा आराखडा पुढे रेटू नका. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये समितीनं पुन्हा तेच बजावलं.

रडार आलं

उभी गाडी ओळखायचं तंत्र अस्तित्वात नव्हतं असं नाही. रस्त्याकडेच्या खांबावर फिरणारं रडार बसवतात. ते अंधारात आणि धुक्यातही बघतं. लेनमध्ये एखादी गाडी थांबली की काही सेकंदांत कक्षात इशारा वाजतो आणि मागच्या फलकांवर ‘अडथळ्याची सूचना’ असा मजकूर आपोआप झळकतो. मग कर्मचारी कॅमेऱ्यातून खात्री करतो आणि लाल फुली लावतो. १७ मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. तक्रार एवढीच की पट्टी आधी काढली आणि रडार मागाहून आलं. बहुतेक टप्पे रडारशिवाय खुले झाले. २०२० च्या आराखड्यात ते सगळीकडे बसवायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस काम पूर्ण झालं.

त्यानंतर डिसेंबरमध्ये रस्ते-रेल्वे नियामकाचा अहवाल आला. रडारकडून अपेक्षा होती की थांबलेल्या गाड्यांपैकी किमान ८० टक्के ओळखाव्यात, २० सेकंदांच्या आत, आणि खोटे इशारे १५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. ही अपेक्षा देशभर सरसकट पूर्ण होत नव्हती. पुढे सुधारणा झाल्या. पण मला त्या अपेक्षेपाशीच जरा थांबावंसं वाटतं. ८० टक्के म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तरी पाचातली एक गाडी रडारला दिसली नाही तर ते चालण्यासारखं आहे. तंत्रज्ञानाच्या हिशेबानं हा आकडा वाईट नाही. पाऊस, मोठ्या लॉरीमागे झाकलेली छोटी गाडी, वळण, पूल, अशा नाना गोष्टी रडारला चकवतात. पण पाचातल्या एकाला जागाच मिळाली नाही, असं साइडपट्टीच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

खोट्या इशाऱ्यांचं दुखणं वेगळं. कक्षातल्या माणसासमोर इशारा वाजतो, तो कॅमेरा फिरवतो, तिथे काहीच नसतं. असं पाच-सात वेळा झालं की आठव्या वेळी हात आपोआप सावकाश होतो. कोणी आळशी असतो म्हणून नव्हे, माणसाचं मन असंच चालतं. आणि या साखळीत फुली लावणारा शेवटचा दुवा हा माणूसच आहे.

त्याच्याही पलीकडे आणखी एक माणूस आहे, फुली बघणारा. फुली दिसूनही त्याच लेनमधून गाडी रेटणारे कमी नव्हते. जून २०१९ पासून कॅमेऱ्यानं टिपून आपोआप १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण अशी शिक्षा सुरू झाली. ती योजनेसोबतच पहिल्या दिवशी का आली नाही, याचं समाधानकारक उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

वीज हा विषय थोडक्यात. बीबीसीनं एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या बातमीनुसार जून २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात स्मार्ट मोटरवेवर वीज जाण्याचे ३९७ प्रसंग घडले. लूप, रडार, कॅमेरे, फलक, सगळे एकाच विजेवर आणि संगणकांच्या एकाच जाळ्यावर. जुनी साइडपट्टी विजेवर चालत नव्हती.

गाडीला माहीत असतं

इथे जरा आडवळण. उभ्या गाडीला शोधायला आपण रस्त्याच्या कडेला एवढी रडारं फिरवतो, पण आपण थांबलोय हे त्या गाडीला स्वतःला ठाऊक असतंच की! कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून, इंजिन चालू आहे की बंद, सगळं. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारीच्या प्रत्येक नव्या मॉडेलला ‘ई-कॉल’ सक्तीचं आहे. जबर धडक बसली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि ठिकाण, दिशा कळवते. चालकही बटण दाबून ते करू शकतो. मात्र आपोआप फोन जातो तो अपघात झाल्यावर. भर लेनमध्ये नुसतं बंद पडणं हे त्या नियमाच्या नजरेत संकट नाही. तो निरोप त्याच क्षणी रस्त्याच्या नियंत्रण कक्षात पोचवायची सोय सरसकट झाली, तर १७ मिनिटांचा प्रश्न बराचसा सुटेल. जुन्या गाड्या वापरातून बाद होईपर्यंत त्यालाही वर्षं लागणार, आणि बिघाड विजेचाच असेल तर गाडीही मुकी.

मागून येणाऱ्या गाडीतला स्वयंचलित ब्रेक हाही उपाय म्हणून सांगितला जातो. शहराच्या वेगाला तो चांगला उपयोगी पडतो. पण ताशी ११० किलोमीटरला, समोर संपूर्ण स्थिर असलेल्या गाडीपुढे, त्याच्यावर विसंबून राहायची आज माझी तयारी नाही. गाडीतल्या अनेक रडार-यंत्रणा स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात, नाहीतर कडेच्या प्रत्येक खांबाला बघून त्या ब्रेक मारत सुटतील.

पुन्हा डांबराकडे

जानेवारी २०२२ मध्ये नवी कामं थांबवण्यात आली. पाच वर्षांची सुरक्षेची आकडेवारी हाती येईपर्यंत ऑल लेन रनिंगचा एकही नवा टप्पा नको, असं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये ते कायमचंच बंद झालं. कारणं दोन सांगितली गेली, खर्च आणि लोकांचा विश्वास. जवळजवळ पूर्ण झालेले दोन टप्पे तेवढे पुरे करायचे ठरले. आधीचे शेकडो किलोमीटर तसेच आहेत, रोज लाखो गाड्या त्यावरून जातात. पट्टी परत आणायची तर चौथी लेन बंद करावी लागेल, मग ती वाहतूक आजूबाजूच्या लहान रस्त्यांवर उतरेल, आणि तिथे अपघाताचं प्रमाण मोटरवेपेक्षा कितीतरी जास्त. हा पेच खरा आहे.

दरम्यान, ज्या रस्त्यांवर वेग बदलणारे फलक आहेत आणि साइडपट्टीही जागच्या जागी आहे, त्यांच्याविषयी कोणाची मोठी तक्रार नाही. १९९५ चा तो जुना, बिनबोभाट प्रकार. वर्तमानपत्रात त्याचं नावही येत नाही.

२०२२ मध्ये सुरक्षेसाठी म्हणून ९० कोटी पौंड जाहीर झाले. त्यातले ३९ कोटी एकाच गोष्टीसाठी होते: आणीबाणीचे दीडशेहून अधिक नवे थांबे. नव्या निकषात दोन थांब्यांमधलं अंतर जमेल तिथे पाऊण मैल, जास्तीत जास्त एक मैल. म्हणजे साधारण १.२ ते १.६ किलोमीटर. एम ४२ च्या ५०० मीटरपर्यंत अजून कोणी परतलेलं नाही.

थांबा तसा अगदी साधा असतो. साधारण १०० मीटर लांब, ४.६ मीटर रुंद, लांबून दिसावा म्हणून भडक नारिंगी रंगाचा, आणि कोपऱ्यात एक फोन. आत शिरायला लूप, रडार, कर्मचारी, कोणाचीच गरज नाही. स्टीअरिंग डावीकडे वळवलं की झालं. बाहेर पडताना मात्र तो फोन उचलायचा. शेजारून ७० मैल वेगानं गाड्या धावतायत आणि उभ्या गाडीला वेग घ्यायला पट्टी नाही. कक्षातला माणूस म्हणतो, जरा थांबा. मग मागच्या फलकांवरचा वेग उतरतो, गरज पडली तर डाव्या लेनवर लाल फुली उमटते, लेन रिकामी होते, आणि मग गाडी निघते.